चपलांची राखण

मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाकड्यावर तीन मुली तासभर ताटकळत बसल्या होत्या. त्यातल्या एकीचं मत आता अगदी पक्कं झालं होतं — शहर बघून झालं, चला घरी!

ही सुलेखा. देवगाव रंगारीच्या साहेबरावांची थोरली लेक, पंचवीस वर्षांची, गावातल्या बालवाडीत शिकवणारी. शहरात ती आधीही आली होती, पण परीक्षेपुरती. परीक्षा केंद्र आणि स्टँड यापलीकडं तिनं काही पाहिलंच नव्हतं. म्हणून तर सरिता आणि सोनिया या मैत्रिणींनी तिला पहाटेच्या एसटीत कोंबून आणलं. दोन दिवस सरिताच्या आत्याकडं राहायचं, हिंडायचं, मज्जा करायची. मज्जा करायलाही अंगात जोर लागतो, हे मात्र दोघींनी लक्षात घेतलं नव्हतं.

"सरे, तुझा भाऊ येणार हाय का नाय?"

"आकाशदादाला कंपनीत थांबवून घेतलंय," मोबाईलमधून मान वर न काढता सरिता म्हणाली. "त्याचा रूम-पार्टनर येतोय, सम्यकदादा. तोच दाखवणार सगळं. नऊला येतो म्हणलाय."

"दहा वाजलेत."

"येईल गं!" सोनियाला कसली घाई? तिनं कन्नडच्या गाडीसमोर एक आणि पुण्याच्या गाडीसमोर एक, असे दोन रील काढूनही घेतले होते.

आणि मग तो आला. पळत येत होता म्हणायचं, पण पळणं कसलं — पाय पुढं आणि बाकीचा माणूस मागं! अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात जडशीळ बूट, डोळे लालभडक. मुलींसमोर येऊन त्यानं आधी दम खाल्ला.

"जयभीम. माफ करा हां... मला वाटलं आज शनिवार हाय."

"आज रविवार हाय," सुलेखा म्हणाली. तासाभराचा राग तिनं नीट जपून ठेवला होता.

"व्हय, ते आता कळलं." तो ओशाळला. "तिसरी पाळी चालू हाय माझी. काल रात्री अकराला आत गेलो, आज सकाळी सातला बाहेर. आमची तारीख झोपून उठल्याशिवाय बदलतच नाय. एक बूट काढला होता, दुसरा काढतोय तोवर आकाशचा फोन... 'पोरी स्टँडवर हायेत की रे!'"

"म्हणजे तुम्ही झोपलाच नाय?"

"झोपंन की. संध्याकाळी."

सुलेखानं त्याच्याकडं पाहिलं. दमलेला माणूस दमलेल्या माणसाला लगेच ओळखतो, तसं झालं. राग कुठं गेला तिचं तिलाच कळलं नाही.

आता या पोरीच्या थकव्याचं कारण सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मुळातच किरकिरी असंल. वर्षभरात तिला नऊ वेळा 'बघून' झालं होतं. नऊ वेळा घर आवरायचं, नऊ वेळा तीच जांभळी साडी, नऊ वेळा पोह्यांच्या बशा. नाव सांग, शिक्षण सांग, जरा चालून दाखव बाळा... आठ ठिकाणांहून 'कळवतो' आलं आणि पुढं काही कळलंच नाही. नववे पाहुणे सिल्लोडकडचे, परवा गुरुवारी येऊन गेले. मुलगा सरकारी नोकरीत. सगळा वेळ तो फोनमध्ये बघत होता. एकदाच मान वर करून म्हणाला, "बालवाडी सोडावी लागंल, चालंल ना?" आणि उत्तराची वाट न बघता मान परत खाली! त्यांचा होकार दुसऱ्याच दिवशी आला.

घरात आनंदीआनंद झाला. तिचे वडील, आबा, भला माणूस. लेकीला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या मनाविरुद्ध मला काय करायचं नाय. पण रविवारी सहाला सांडूमामा उत्तर न्यायला येणार हायेत. तवर मला फोन कर." सांडूमामा म्हणजे स्थळं आणणारे गृहस्थ. सुलेखाला तो मुलगा मुळीच आवडला नव्हता. पण दहाव्यांदा ती जांभळी साडी नेसायची ताकदही तिच्यात उरली नव्हती. हो म्हणावं आणि सुटावं — एसटीत खिडकीला डोकं टेकून तिनं हे जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

आणि अशा पोरीला सरिता पर्यटनाला घेऊन निघालेली! तिच्या फोनमध्ये एका दिवसात बघायच्या ठिकाणांची लांबलचक यादी होती.

पाणचक्कीला पोचल्यावर सरिता आणि सोनिया हौदाकडं धावल्या. सुलेखा वडाखालच्या कट्ट्यावर टेकली. कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला सम्यक टेकला.

"तुम्ही जा की बघायला," तो म्हणाला.

"तुम्ही दाखवणार होता ना?"

"ते काय, पाणी पडतंय." त्यानं बसल्या जागेवरून बोट दाखवलं. "दाखवलं."

सुलेखाला हसू आलं. दोन दिवसांत पहिलं. ते त्यानं टिपलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं... पण कानाच्या पाळ्या लाल झाल्याच की!

मकबऱ्यात खरी गंमत झाली. वर चढायचं तर पायऱ्यांपाशी चपला काढायच्या. तिथं शाळेची सहल आलेली, दीड-दोनशे चपलांचा ढीग पडलेला.

"माझी नवी सँडल हाय हां," सोनिया घाबरली. "कोणीतरी राखण करा."

"मी बसतो."

"मी बसते."

दोघं एकदम बोलले. सरितानं एकदा याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "बसा, बसा! दोघंबी बसा. सँडल लई महागाची हाय तिची, एकानं भागायचं नाय." आणि जाता जाता सुलेखाच्या कानाशी, "एक सांगू? आम्ही दोघी त्याला दादा म्हणतो. तू सकाळपासून एकदाबी म्हणली नाय."

"गप गं!"

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते तरी ऊन मऊ व्हायला तयार नव्हतं. सावलीच्या पट्ट्यात दोघं बसली, मधे चार चपलांचं अंतर. त्यानं सांगायला सुरुवात केली — हा मकबरा कोणी बांधला, कुणासाठी बांधला, आणि "तर मग त्या बेगमेच्या..." इथवर येऊन बेगमेचं पुढं काही झालंच नाही. सुलेखानं वळून पाहिलं तर गडी भिंतीला टेकून झोपलेला! तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे.

ती चपलांबरोबर त्याचीही राखण करत बसली. सहलीची लेकरं कलकलाट करत आली तेव्हा तिनं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना बालवाडीच्या बाईंच्या डोळ्यांनी दटावलं. पोरं खरंच गप झाली. ऊन सरकत त्याच्या तोंडावर आलं तेव्हा ती जरा सरकून बसली, तिची सावली त्याच्यावर पडेल इतकीच. कोणी पाहिलं नाही ना, म्हणून तिनं इकडंतिकडं बघून घेतलं.

पाहिलं होतं. शेजारी एक नऊवारीतली म्हातारी गुडघे चोळत बसली होती.

"लई दमलाय गं नवरा तुझा. कंपनीत हाय का?"

काय झालं सुलेखाला कोण जाणे. नाही म्हणायला, समजावून सांगायला, सगळ्यालाच त्राण लागतं.

"व्हय," ती म्हणाली. "तिसरी पाळी हाय त्यांची."

"झोपू दे मग," म्हातारी म्हणाली आणि आपल्या माणसांत निघून गेली.

सम्यकचे डोळे मिटलेलेच होते. पण कानाच्या पाळ्या... त्या पुन्हा लाल झाल्या होत्या. अगं आई गं! सुलेखा झटकन उठली आणि काही कारण नसताना सगळ्या चपला जोडीनं लावत सुटली.

पुढं विद्यापीठाच्या गेटसमोर मात्र कोणी बसलं नाही. तिथं दमलेला सम्यकही ताठ उभा राहिला, हात जोडले, आणि चौघांचा एक फोटो निघाला. फोटोत तो आणि सुलेखा शेजारी आले. सरितानंच ढकललं होतं, दुसरं कोण!

लेणी बघायला डोंगरापाशी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. सोनिया आणि सरिता पायऱ्या चढून गेल्या. हे दोघं पर्स, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन पहिल्याच पायरीवर बसले. आता मधे चपलांचं अंतर नव्हतं.

"एक विचारू?" सम्यक समोर शहराकडं बघत म्हणाला. "मघा त्या आजीला तुम्ही व्हय म्हणल्या... ते कंपनीला का...?"

"तुम्ही झोपला होता!"

"झोपलोच होतो. पण कान जागे ऱ्हातेत. मशीनवर सवय लागते."

"कंपनीला," सुलेखा म्हणाली. "कंपनीलाच म्हणलं."

"हां... मला वाटलंच." आणि त्याचा चेहरा इतका पडला की तिला बरं वाटलं. वाईटही वाटलं.

मग कसं कोण जाणे, तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. नऊ वेळा, जांभळी साडी, चालून दाखव बाळा, फोनमध्ये बघणारा तो मुलगा, आणि सहा वाजताचं उत्तर. जांभई आली तरी सम्यकनं ती गिळली.

"हो म्हणणार हाय मी," ती म्हणाली. "एकदाचं संपंल तरी."

सम्यकनं हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "आमच्या प्रेसवर, पत्रा दाबायच्या मशीनवर, एक रिवाज हाय. पहाटं चारला लई वाईट झोप येते. डोळे उघडे असतेत पण माणूस आत नसतो. तवा बटणावरचा हात काढायचा आणि वर करायचा. शेजारचा येतो, मशीन धरतो. आपण तोंड धुवायचं, दहा मिनिटं बसायचं. कोणी काय बोलत नाय, सुपरवायझरबी नाय. झोपेत बटण दाबलं आणि हात आत राहिला, तर बोटं जातेत."

सुलेखानं आपल्या हातांकडं पाहिलं.

"म्हणजे... नाही म्हणू?"

तो एकदम उठून उभाच राहिला. "ते मला नका विचारू."

"का? सकाळपासून एवढं दाखवताय, एवढं सांगा की."

"नाय सांगता येत."

"अहो पण का?"

"कारण मी नाही म्हणा असंच सांगणार." त्याचा आवाज बसला होता, झोपेनं म्हणा की कशानं. "पण ते तुमच्या भल्यासाठी असंल का माझ्या, मलाच कळंना झालंय. सकाळपासून कळंना झालंय. म्हणून मला नका विचारू. माझा... माझा त्यात स्वार्थ हाय."

एवढं बोलून तो पाच-सहा पावलं लांब गेला आणि पाठ करून उभा राहिला. सुलेखानं त्या निळ्या पाठीकडं पाहिलं. वर्षभर नऊ घरच्या लोकांनी तिला बघितलं होतं. तिच्या दमण्यावर आपला डाव न साधणारा हा पहिलाच माणूस होता, आणि तो तिला आवडला होता. हो, आवडला होता. आता लपवायचं कुणापासून?

तिनं फोन लावला.

"आबा... मी नाही म्हणते."

पलीकडं आबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"काय कमी हाय गं त्या पोरात?"

"त्यांच्यात नाय काय कमी. मी दमलीय, आबा. दमले म्हणून हो म्हणणार होते. जन्मभराचं काम असं दमून कसं करू?"

"सांडू चिडंल."

"चिडू द्या."

"तुझी माय दोन दिवस बोलायची नाय."

"आणि तुम्ही?"

आबांनी सुस्कारा सोडला. "मी कशाला बोलणं टाकू? ...जेवलीस का तू?"

"व्हय," ती म्हणाली, आणि मग तिला रडूच आलं. पोटभर रडली बिचारी, पर्स आणि पिशव्यांच्या मधोमध बसून. सम्यक परत आला, पाण्याची बाटली तिच्या शेजारी ठेवली आणि ती पाणी पिईपर्यंत शहराकडं बघत बसला.

"आता तुमचं उत्तर देऊन झालंय," तो हळूच म्हणाला. "आता मी बोललो तर चालंल?"

"बोला."

"मी तुमच्या घरी येऊ का? पोहे खायला नाय... तुम्हाला मागायला. तुम्ही हो म्हणल्या तर."

हो तिच्या ओठांवर आलंच होतं! अगदी दातांपाशी. पण सुलेखा साहेबरावांची लेक होती. तिनं ते तिथंच धरलं.

"आत्ता नको. मी तशीच दमलेली हाय. रडून आणखी दमले. तुम्हालाबी मी असं हो देणार नाय."

त्याचं तोंड उतरलं. मग हळूहळू ते फुललं, कारण तिच्या बोलण्यात कुठंच नाही नव्हतं.

"झोपून उठून सांगा," तो म्हणाला.

"झोपून उठून सांगते."

वरून सरिता ओरडली, "अगं ए, मूर्ती लई भारी हायेत! तुम्ही दोघं काहीच नाय बघितलं!" आणि दोघंही वेड्यासारखी हसत सुटली.

त्या रात्री सुलेखा आत्याच्या घरी जी झोपली ती सकाळी चहाच्या कपांच्या आवाजानंच जागी झाली. वर्षभरात अशी झोप तिला लागली नव्हती.

सोमवारी आठला तिघी वेरूळच्या गाडीला स्टँडवर आल्या तर सम्यक आधीच हजर. पाळी सुटल्यावर तसाच आलेला. तोच निळा शर्ट, डोळे कालच्यापेक्षा लाल. सरितानं सोनियाचा दंड धरला आणि दोघी उगाचच केळी घ्यायला गेल्या.

"झाली झोप?" त्यानं विचारलं.

"झाली."

"मग...?"

सुलेखा त्याच्याकडं बघतच राहिली. किती ताजंतवानं वाटत होतं तिला! आणि हा समोर उभ्या उभ्या झुलतोय.

"तुम्ही काल मला विचारलं तेव्हा तुमच्या डोळ्यांवर केवढी झोप होती? आणि आज तर दोन रात्रींचं जागरण. तुमचं विचारणं मी खरं कसं धरू?"

"अहो, मी काल सकाळपासून..."

"रूमवर जा. झोपा. उठा. तोंड धुवा. आणि तरीबी विचारावं वाटलं, तर फोन करा." तिनं आपला नंबर त्याच्या फोनमध्ये स्वतः टाकला. मग एकेक आकडा पुन्हा वाचून बघितला.

गाडी सुटेपर्यंत तो तिथंच उभा होता. सरिता खिडकीतून हात हलवत ओरडली, "जा ना आता, भावजी! झोपा जाऊन!" सुलेखानं तिला चिमटा काढला, पण जोरात नाही.

वेरूळात तिनं सगळं पाहिलं, सगळ्या पायऱ्या चढली, आणि काहीच पाहिलं नाही. फोन हातात. अकरा वाजले, बारा, दोन. झोपेतून उठल्यावर त्याला वाटलं असंल, काय बरळलो आपण काल? दिवसभर दमलेली माणसं काहीबाही बोलतात. तिनंच तर सांगितलं होतं, खरं धरणार नाही म्हणून. आपल्याच शहाणपणाचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

पाचला तिघी देवगावला उतरल्या. आबा गाडी घेऊन न्यायला आले होते. चेहरा गंभीर, पण येताना भज्यांचा पुडा घेतलेला. सुलेखानं पिशवी गाडीला अडकवली आणि फोन वाजला.

"सात तास झोपलो," सम्यक म्हणाला. आवाज स्वच्छ होता, ओळखूच येत नव्हता. "अंघोळ केली, जेवलो. आता विचारू?"

"थांबा. आबा, दोन मिनिटं हां!" ती लिंबाखाली गेली, पण फार लांब नाही. "विचारा."

"सुलेखा..." पहिल्यांदाच नुसतं नाव. "माझ्याशी लग्न करशील? कंपनीजवळ, बजाजनगरला, एका खोलीचं भाड्याचं घर बघंन मी. गावाकडं माझी माय हाय, कन्नडजवळ. पाळ्या फिरत राहणार, त्या काय चुकायच्या नायत. आणि बालवाडीचं म्हणशील तर बजाजनगरलाबी लेकरं हायेत की. दिवसभर घरी बसून तू मला झेपायची नाय."

सुलेखानं एक क्षण वाट पाहिली. अंगात कुठं थकवा आहे का, ते तपासून पाहिलं. नव्हता.

"हो," ती म्हणाली. एवढ्या मोठ्यानं की स्टँडवरच्या दोन बाया वळून बघायला लागल्या. "हो, हो! या रविवारी घरी या."

ती परत आली तेव्हा आबा गाडीवर बसलेले, किकवर पाय तसाच.

"कशाला हो म्हणालीस गं?"

"लग्नाला."

आबा तिच्याकडं बघत राहिले. लेकीचं असं तोंड त्यांनी वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्यांनी काय-काय विचारायचं ते मनात जुळवलं — कोण, कुठला, काय करतो — आणि ते सगळं घरी गेल्यावर विचारायचं ठरवलं.

"बरं," ते म्हणाले. "आणि सांडू परत दुपारी येऊन गेला. पैठणकडचं स्थळ हाय म्हणे. त्याला काय सांगू?"

सुलेखा मागं बसली आणि आबांचा खांदा धरला.

"त्यांना सांगा, आबा... आता पाहुणे आणू नका."